सातवे पिल्लू : कारवान कुत्र्याचा रंग आणि ‘जातिवंत’पणाची कसोटी

जत तालुक्यातील एका वस्तीवर काही वर्षांपूर्वी एक कारवान कुत्री व्याली. आई पिवळसर, बाप तांबूस. पिल्ले सात. सहा पिल्ले आईबापांच्या वळणावर गेली होती. सातवे मात्र बांडे निघाले. पांढऱ्या अंगावर पिवळे डाग, एक कान पांढरा, एक पिवळा. कुत्रीचा मालक माझा जुना विद्यार्थी. नोंदणीचा अर्ज इंग्रजीत होता, म्हणून तो भरून द्यायला त्याने मला सांगलीहून बोलावून घेतले. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. अर्ज भरणे एवढाच माझा कुत्र्यांच्या विद्येशी संबंध. सहा पिल्लांचे लिंग, रंग, खुणा लिहून झाल्या. सातव्याकडे वळलो, तर तो म्हणाला, “सर, ते राहू द्या. ते कागदावर आलं की बाकीच्या सहांवर बी संशय येतोय.”

मी ते राहू दिले. एकूण पिल्ले किती, या रकान्यात माझ्या हाताने ‘सहा’ लिहिले.

या लेखाचे निमित्त ते सातवे पिल्लू आहे. जातिवंत मानल्या गेलेल्या कुत्र्यात अनपेक्षित रंग निघाला तर तो आपला म्हणायचा की परका, हा प्रश्न दिसायला शौकिनांचा आहे. पण त्याचे उत्तर आपण कोणत्या शब्दांत देतो, ते शब्द कुठून आले आणि ते काय लपवतात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येण्यासारखा नाही. म्हणून येथे जातीचे मानक हा मी एक मजकूर म्हणून वाचणार आहे.

प्रथम त्या कुत्र्याविषयी. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोट हा त्याचा मुलूख. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, उंच पाय, अंगाला चिकटून बसलेले आखूड केस. वासापेक्षा नजरेने सावज धरणारा आणि मोकळ्या माळावर पळून ते गाठणारा हा कुत्रा. तो कारवानांबरोबर म्हणजे व्यापारी तांड्यांबरोबर वायव्येकडून दख्खनेत आला, अशी परंपरागत समजूत आहे आणि नावही तेच सांगते. कान-शेपटीला रेशमी झालर असलेल्या त्याच्या भावंडाला आपल्याकडे ‘पश्मी’ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने त्याला राजाश्रय दिला, म्हणून तो ‘मुधोळ हाउंड’ही झाला. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कारवान हाउंड’ या नावाने करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ या नावाने. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजपालयम यांच्या जोडीला मुधोळ होता. ज्या कुत्र्याच्या नावावरच दोन दप्तरांचे एकमत नाही, त्याच्या रंगावर मात्र आपण ठाम बोलतो, ही गंमत आधी लक्षात घेतली पाहिजे.

आता शब्दांकडे येऊ. माणदेशात आणि जत-आटपाडीच्या पट्ट्यात जनावराच्या रंगाला शब्दांची कमतरता नाही. पांढरा-काळा किंवा पांढरा-पिवळा तुकड्या-तुकड्यांचा असेल तर बांडा. अंगावर वाघासारखे पट्टे असतील तर वाघ्या. काताच्या रंगाकडे झुकणारा तो खैरा. शिवाय करडा, राखी, भुरा, तांबडा, कबरा आहेतच. यातले निम्मे शब्द कुत्र्यांची नावे होऊन बसले आहेत. वाघ्या, बांड्या, खैऱ्या, काळ्या अशी हाक मारली की रंग आपोआप सांगितला जातो. हे शब्द ओळख पटवतात, प्रतवारी लावत नाहीत. ‘बांडं’ म्हणजे कमअस्सल असा अर्थ मी या भागात जुन्या माणसांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

खरसुंडीच्या यात्रेत एका म्हाताऱ्या धनगराला मी मुद्दाम विचारले, “बाबा, कारवान कुत्र्याचा खरा रंग कोणता?” त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. म्हणाला, “रंग काय चाटायचा हाय व्हय? पाय बघावं, छाती बघावी, दम बघावा. पळाया रंग लागत न्हाई.” मी पुढे विचारले, मग जातिवंत कसे ओळखायचे? तो म्हणाला, “पळाल्यावर.”

या एका शब्दात मराठीतील ‘जातिवंत’ या विशेषणाचा सगळा इतिहास आहे. आपण जातिवंत घोडा म्हणतो, जातिवंत बैल म्हणतो आणि तितक्याच सहजपणे जातिवंत गवई, जातिवंत नट म्हणतो. जातिवंत गवयाची वंशावळ कोणी मागत नाही. त्याचा षड्ज लागला की तो जातिवंत ठरतो. म्हणजे मराठीत या शब्दाची साक्ष कर्तृत्वातून निघते. इंग्रजीतून आलेली ‘शुद्ध वंशा’ची कल्पना वेगळी आहे. तिथे साक्ष कागदातून निघते. दोन्ही कल्पनांना आपापली जागा आहे. पण आपण दुसरीला पहिलीचा शब्द लावला आणि तो लावताना अर्थ बदलल्याची दखल घेतली नाही. घोटाळा तिथे झाला.

जुन्या कसोटीचे एक उदाहरण साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, शाहू महाराजांच्या समाधीजवळ त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या तोंडून त्याने महाराजांना वाचवले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, अशी कथा आहे. साताऱ्यात ब्रिटिशांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली, आणि महाराजांनी भर दरबारात आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीची वस्त्रे, दागिने आणि स्वतःची पगडी घातल्याचा प्रसंगही सांगितला. खंड्याची ही कथा मी लहानपणापासून अनेक तोंडांनी ऐकली आहे. सांगणारा प्रत्येक जण त्याची उडी सांगतो, इमान सांगतो, पालखी सांगतो. तो कोणत्या रंगाचा होता हे सांगायची गरज कोणाला वाटत नाही.

मग रंग कसोटी कधी झाला? त्यासाठी ‘मानक’ या लेखनप्रकाराकडे पाहावे लागते. १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे स्पर्धात्मक प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब स्थापन झाला. प्रदर्शनात परीक्षक लागतो, आणि परीक्षकाला लिखित नियम लागतो. त्यातून जातीचे मानक हा मजकूर घडला. त्याची ठेवण सगळीकडे सारखी असते. आधी एकंदर रूप, मग डोके, डोळे, कान, मान, धड, पाय, चाल, केस, रंग, उंची आणि शेवटी दोष. हा मजकूर संक्षिप्त असतो, आज्ञार्थी असतो आणि त्याचा कर्ता अदृश्य असतो. ‘असावा’, ‘नसावा’, ‘चालेल’, ‘बाद’ ही त्याची क्रियापदे.

या मजकुराची एक अंगभूत मर्यादा आहे. दम, जिगर, खडकाळ माळावरची पकड या गोष्टी शब्दांत बांधायला अवघड आणि रिंगणात तपासायला त्याहून अवघड. रंग मात्र एका शब्दात लिहिता येतो आणि एका नजरेत तपासता येतो. त्यामुळे जे महत्त्वाचे ते सैल शब्दांत राहते आणि जे सोपे ते काटेकोर होते. कोणत्याही मानकात ‘चाल डौलदार असावी’ हे वाक्य वाचून दोन परीक्षक भांडू शकतात. अमुक रंग बाद, यावर भांडण नाही. भांडण नाही म्हणून तो नियम कडक वाटतो, आणि कडक वाटतो म्हणून तोच मुख्य वाटू लागतो.

हे नियम निसर्गाने घालून दिलेले नाहीत, याचा पुरावा मानके शेजारी-शेजारी ठेवून वाचली की मिळतो. कारवानचा जवळचा नातलग मानला जाणारा सालुकी पाहा. त्याच्या ब्रिटिश मानकात कोणताही रंग चालतो, फक्त वाघ्या पट्टे वगळून. ग्रेहाउंड हाही पळून सावज धरणाराच. त्याच्या मानकात वाघ्या पट्टे सुखाने नांदतात. एकाच कामाचे दोन कुत्रे, एकच पट्टा. एका दारात स्वागत, दुसऱ्या दारात अटकाव. पट्ट्याने पळण्यात काही फरक पडतो असे कोणीच म्हणत नाही. फरक आहे तो मंडळाच्या सवयीचा.

आपल्याकडे ही सवय रुजायला एक निमित्त मिळाले. कारवानचे काम सशामागे पळण्याचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीची वाट पूर्ण बंद झाली. ते व्हायलाच हवे होते; त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर पळून दाखवण्याची रोजची परीक्षा गेली. पाय पाहणारे डोळे कमी झाले, कातडी पाहणारे वाढले. पिल्लाचा फोटो पाहून गिऱ्हाईक ठरवू लागले, आणि फोटोत दम दिसत नाही.

याच मुलखातल्या खिलार जनावरांशी तुलना करून पाहावी. खिलारात रंगाची आवड जबर आहे. आटपाडी महालचे दुधासारखे पांढरे, म्हसवडकडचे पुढच्या अंगाला करडी झाक असलेले, असे प्रकार जुन्या वर्णनांत वेगळे सांगितले आहेत. पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात काजळी आणि कोसा हे शब्द किमतीसह उच्चारले जातात. तरीही खिलारवाल्याला एक गोष्ट ठाऊक असते. पांढऱ्या खिलार गाईचे वासरू जन्मतः डोक्यावर तांबूस असते आणि तो तांबूसपणा काही महिन्यांत विरून जातो. जन्माच्या दिवशी रंग पाहून त्याला कोणी बाद करत नाही. आवड असणे वेगळे आणि आवडीवरून कुळाचा निवाडा करणे वेगळे, हा विवेक गोठ्यात टिकला. कुत्र्याच्या अर्जात तो हरवला.

येथे विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. जातीचे पालन करणारे लोक म्हणतात : शर्यतीच्या हव्यासाने ग्रेहाउंडचा संकर होतो, धिप्पाडपणासाठी आणखी कोणाचा होतो. अशा वेळी अनोळखी रंग ही धोक्याची घंटा असते. ती वाजली की दार लावायचे नाही, तर काय करायचे?

भीती खरी आहे. घंटा मात्र चुकीच्या दारावर बांधली आहे. ग्रेहाउंड पिवळसरही असतो, तांबूसही असतो. त्याच्याशी झालेल्या संकरातून निर्मळ पिवळे पिल्लू निघाले तर ते रंगाच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात उत्तीर्ण होते. उलट घरच्याच रक्तातले बांडे पिल्लू नापास होते. रंगाची चाळणी परक्याला आत सोडते आणि आपल्याला बाहेर टाकते. चाळणीचा दोष याहून मोठा काय असेल?

आनुवंशिकीचा आधार घेतला तर हे अधिक स्पष्ट होते. काही रंग अप्रभावी जनुकांमुळे येतात. आईबाप दोघेही ते दडवून ठेवतात आणि पिढ्या उलटल्यावर एखाद्या वेतात ते वर येतात. काळ्याचा निळसर राखी होतो तो असाच. एकरंगी दिसणाऱ्या जोडीच्या पोटी बांडे पिल्लू येते त्यामागेही बहुधा दोघांनी दडवलेले असेच देणे असते. याउलट वाघ्या पट्टा पिवळ्यावर प्रभावी आहे. तो पिवळ्या रंगामागे लपत नाही, मात्र काळ्या रंगामागे लपू शकतो. म्हणून दोन पिवळ्यांच्या पोटी वाघ्या निघाला तर चौकशी रास्त आहे. दोन पिवळ्यांच्या पोटी बांडे निघाले तर संशयाचे कारण नाही. म्हणजे ‘अनपेक्षित रंग’ ही एकच वस्तू नाही. प्रत्येक रंगाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि ‘बाद’ या एका शब्दात ते सगळे प्रश्न गडप होतात.

रंग बाद केल्याने काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जर्मन शेफर्ड या जातीत पहिली नोंद १८९९ मध्ये होरांड या कुत्र्याची झाली. त्याच्या आईचा बाप पांढरा होता. म्हणजे पांढरा रंग जातीच्या पायातच होता. तरीही १९३३ मध्ये जर्मनीत पांढरा रंग बाद ठरला. पिल्ले निघतच राहिली, आणि शेवटी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना ‘व्हाइट स्विस शेफर्ड’ या वेगळ्या नावाने तात्पुरती मान्यता दिली. २०११ मध्ये ती कायम झाली. आजोबांच्या रंगाच्या नातवंडांना दुसऱ्या देशाचे आडनाव घेऊन घरात यावे लागले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले, आणि अधिक बोचरे. तमिळनाडूच्या राजपालयम कुत्र्यात पांढरा शुभ्र रंग आणि गुलाबी नाक यांचे वेड इतके की रंगीत पिल्ले जन्मतःच मारून टाकली जात. त्याच जातीत जन्मतः बहिरी पिल्ले मोठ्या प्रमाणात निघतात. अंगाचा रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. कातडीवरून रंग पूर्ण हटवला तर कानावर त्याचा परिणाम होऊ शकतो. देखणे म्हणून जे निवडले त्याची किंमत पिल्लाच्या कानांनी मोजली.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. रंगाला सर्रास ‘चालेल’ म्हणणेही तितकेच धोक्याचे आहे. अलीकडे ‘दुर्मीळ रंग’ ही जाहिरात झाली आहे. जो रंग काल लपवला जात होता तोच आज दुप्पट दराने विकायला निघतो. विस्कटलेल्या ढगांसारखे डाग देणारा मर्ल हा रंग घ्या. मर्लचा मर्लशी जोड लावला तर आंधळी-बहिरी पिल्ले निघण्याचा धोका असतो. म्हणून लंडनच्या केनेल क्लबने २०१३ पासून अशा जोडातील मर्ल पिल्लांची नोंदणीच थांबवली. येथे रंगाला केलेली मनाई आवडीनिवडीतून आलेली नाही. ती पिल्लाच्या बाजूने आहे. ज्या जातीत पूर्वी कधी न दिसलेला मर्ल एकाएकी दिसू लागतो, तिथे तो कुठून आला हे विचारलेच पाहिजे. दुर्मीळतेला भाव देणारा आणि दुर्मीळतेला मारणारा, दोघेही एकाच रोगाचे रोगी आहेत. दोघांनाही कुत्र्याआधी कातडी दिसते.

म्हणून रंगाच्या कलमाला मी दोन प्रश्न जोडू इच्छितो. हा रंग आला कुठून? आणि तो आपल्याबरोबर काय घेऊन आला? पहिल्याचे उत्तर वंशावळीच्या खऱ्या नोंदीतून आणि आता जनुक-चाचणीतूनही मिळते. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरकडून मिळते. दोन्ही उत्तरे निर्धोक असतील तर तिसरा प्रश्न उरत नाही. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे; तिथली पिल्ले २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्राकडे प्रशिक्षणासाठी गेली. काम पाहून कुत्रा निवडण्याची परंपरा अगदीच संपलेली नाही. तिला नोंदवहीची जोड हवी आहे. आणि त्या नोंदवहीत बांडा, वाघ्या, खैरा हे शब्द जसेच्या तसे असावेत, असे मला मराठीचा माणूस म्हणून वाटते. ते आपल्या माळावरच्या निरीक्षणाचे शब्द आहेत आणि त्यांत तिरस्कार मिसळलेला नाही.

‘शुद्ध’, ‘भेसळ’, ‘कुळ’, ‘रंग’ या शब्दांनी माणसांच्या जगात काय केले आहे, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. कुत्र्याची जात ही माणसाने निवड करून घडवलेली गोष्ट आहे, ती जपणे गैर नाही. पण जपताना आपण तेच जुने शब्द त्याच जुन्या भीतीने वापरतो. त्या भीतीपायी जे गैरसोयीचे आहे ते दप्तरातून गाळतो. मग दप्तर शुद्ध दिसते. वंश मात्र होता तसाच राहतो.

हे मला कळले ते एका फोनमुळे. त्या सहांतली एक कुत्री फलटणकडच्या एकाने नेली होती. गेल्या वर्षी ती व्याली आणि पाचांत दोन पिल्ले बांडी निघाली. तो गृहस्थ माझ्या विद्यार्थ्यावर चिडला होता. फसवलेत, भेसळीचे रक्त दिलेत, म्हणत होता. त्याच्या कागदावर सहा निर्मळ पिल्लांचे वेत होते. त्यात बांड्याचा मागमूस नव्हता. त्याचा संशय कागदाच्या हिशेबाने बरोबर होता. तो कागद मी लिहिला होता.

मी त्याला फोन करून खरे सांगितले. सातवे पिल्लू होते, तेही बांडे होते, आणि या रंगाचे बी त्याच्या कुत्रीच्या आईबापांतच आहे, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हे तेव्हाच लिहिलं असतं तर माझी रात्रीची झोप तरी गेली नसती.” आपली दोन बांडी पिल्ले तो कागदावर घालणार आहे की नाही, हे त्याने सांगितले नाही, आणि मला विचारायचा अधिकार नव्हता.

सातवे पिल्लू आता मोठे झाले आहे. जतच्या त्याच वस्तीवर मेंढरांमागे असते. त्याला ‘बांड्या’ म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा ओढ्यापलीकडे चुकलेले कोकरू वळवायला मालकाने त्याला हाक दिली. तो निघाला आणि धुळीचा लोट तेवढा मागे राहिला. शेजारी उभा असलेला एक मेंढका मला म्हणाला, “जातिवंत हाय.”

विद्यार्थ्याच्या घरी तो जुना अर्ज अजून आहे. त्याची दुरुस्ती कशी करायची हे आम्ही लिहून विचारले आहे.